पट्ट्याने दिलेली खबर

थंडीच्या दिवसांत पहाटे ट्रक सुरू होताना तुम्ही कधी ऐकला आहे का? मालेगाव, भिवंडी यांसारख्या गावांत हमरस्त्याजवळ राहणाऱ्या मुलांना हा आवाज नवा नाही. आधी स्टार्टरची घरघर होते. मग इंजिन खोकल्यासारखे धडधडते आणि त्यापाठोपाठ एक कर्कश आवाज उठतो. कोणी मांजराच्या शेपटीवर पाय दिला असावा, असे वाटते! दोन-तीन मिनिटांत तो आवाज आपोआप थांबतो. क्लीनर समजतो, झाले, गाडी ठीक आहे. गॅरेजमधले उस्ताद मात्र मान हलवतात आणि इंजिन बंद करायला सांगतात.

हा आवाज इंजिनाचा नसतो, पट्ट्याचा असतो. इंजिनाच्या पुढच्या बाजूला एक रबरी पट्टा असतो. त्याला फॅन बेल्ट म्हणतात. इंजिन फिरले की हा पट्टा पंख्याला, पाण्याच्या पंपाला आणि बॅटरी भरणाऱ्या अल्टरनेटरला फिरवतो. पट्ट्याने पुलीला घट्ट धरले, तर तो मुकाट्याने चालतो. पण तो सैल झाला, की पुलीला धरतो आणि सोडतो, पुन्हा धरतो आणि सोडतो. हे इतक्या झपाट्याने होते, की आपल्याला एकच लांब किंकाळी ऐकू येते. गाडी सुरू करताना बॅटरीतील वीज खर्च झालेली असते. ती भरून काढण्यासाठी अल्टरनेटरला जोर करावा लागतो. सैल पट्ट्याला हा भार पेलत नाही. बॅटरी थोडी भरली, की भार कमी होतो आणि आवाज थांबतो. आवाज थांबला, तरी दोष तसाच राहतो. पुढे कसारा घाट चढताना पाण्याचा पंप पुरेसा फिरत नाही, इंजिन तापते आणि माल भरलेला ट्रक रस्त्यातच उभा राहतो.

म्हणून उस्ताद नीट तपासणी करतात. चालत्या पट्ट्याजवळ ते कधीही हात नेत नाहीत. इंजिन बंद झाल्यावर दोन पुल्यांच्या मधोमध ते पट्टा अंगठ्याने दाबून पाहतात. तो साधारण एक-दीड सेंटिमीटर दबला तर ठीक, जास्त दबला तर सैल. मग पट्ट्याच्या कडा पाहतात. कडा काचेसारख्या चकाकत असतील, तर पट्टा बराच घसरला आहे हे कळते. त्यावर तेल सांडले आहे का, पुल्या एका रेषेत आहेत का, हेही ते पाहतात. हा पट्टा पुलीच्या खाचेत दोन्ही कडांनी पकड घेतो. झिजून तो खाचेच्या तळाला टेकला असेल, तर कितीही ताणला तरी घसरणारच. तो बदलावाच लागतो. शेवटी पट्टा काढून पंप आणि अल्टरनेटर हाताने फिरवून पाहायचे. ते अडखळले, तर दोष पट्ट्याचा नाही, बेअरिंगचा आहे. काही जण आवाज बंद करण्यासाठी पट्टा वाजवीपेक्षा जास्त ताणतात. आवाज बंद होतो, पण काही दिवसांनी पंपाचे बेअरिंग जाते!

तुम्ही म्हणाल, पाठ तर एका थोर माणसाचा आहे, मग ही पट्ट्याची कथा कशाला? त्याचे कारण आहे. ज्या माणसाच्या नावाने हे इंजिन जगभर ओळखले जाते, त्याला आपले इंजिन प्रथम चालल्याची खबर एका पट्ट्यानेच दिली होती. आणि गंमत अशी, की ती खबर आधी त्याला कळली नाही, त्याच्या कारागिराला कळली. त्या माणसाचे नाव रूडॉल्फ डिझेल.

रूडॉल्फचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिस शहरात झाला. त्याचे आईवडील मूळचे जर्मनीतील बव्हेरियाचे. वडील चामड्याच्या वस्तू बनवत. तयार झालेला माल हातगाडीवर घालून गिऱ्हाइकांच्या घरी पोहोचवण्याचे काम लहान रूडॉल्फकडे असे. घराजवळच यंत्रांचे एक मोठे संग्रहालय होते. मोकळा वेळ मिळाला की तो तेथे जाऊन जुनी यंत्रे पाहत बसे.

१८७० साली फ्रान्स आणि जर्मनी यांच्यात युद्ध पेटले. जर्मन लोकांना पॅरिस सोडावे लागले. डिझेल कुटुंब रिकाम्या हातांनी लंडनला गेले. तेथे हलाखीचे दिवस आले. तेव्हा आईवडिलांनी बारा वर्षांच्या रूडॉल्फला जर्मनीतील ऑग्सबर्ग शहरी नातेवाइकांकडे पाठवून दिले. ते नातेवाईक गणिताचे शिक्षक होते. त्यांच्याकडे राहून रूडॉल्फ शिकला, वर्गात पहिला आला आणि पुढे शिष्यवृत्ती मिळवून म्युनिकच्या तंत्रशाळेत गेला. १८७९ साली परीक्षेच्या वेळी त्याला विषमज्वर झाला, त्यामुळे परीक्षा हुकली. पण १८८० च्या जानेवारीत त्याने ती दिली आणि फार उत्तम गुण मिळवले.

म्युनिकमध्ये कार्ल फॉन लिंडे हे त्याचे प्राध्यापक होते. थंडी निर्माण करणारी यंत्रे बनवण्यात त्यांचा हातखंडा होता. एके दिवशी त्यांनी वर्गात सांगितले, की वाफेचे इंजिन कोळशाच्या उष्णतेपैकी जेमतेम सहा ते दहा टक्के कामाला लावते. म्हणजे शंभर पोती कोळसा जाळला, तर नव्वद पोती वाया जातात! रूडॉल्फच्या मनाला ही गोष्ट लागून राहिली. उष्णता वाया न घालवणारे इंजिन बनवता येईल का, हा विचार त्याने वहीच्या कडेला लिहून ठेवला आणि पुढची पंधरा वर्षे तो सोडला नाही.

त्याची कल्पना काय होती? तुम्ही सायकलमध्ये हवा भरताना पंपाला हात लावून पाहा. तो गरम झालेला असतो. हवा दाबली की तापते. रूडॉल्फच्या मनात आले, हवा खूप जोराने दाबली, तर ती इतकी तापेल की तेलाचा फवारा तिच्यात पडताच आपोआप पेट घेईल. मग ठिणगी नको आणि बाहेरची भट्टीही नको. आज ट्रकच्या इंजिनात हेच घडते. आपल्याला त्यात विशेष वाटत नाही. पण त्या काळी एवढा दाब सोसणारे इंजिन कोणी बनवले नव्हते.

शिक्षण संपल्यावर डिझेल यांनी बरीच वर्षे लिंडे यांच्या बर्फाच्या यंत्रांच्या धंद्यात नोकरी केली. १८९३ साली त्यांना आपल्या इंजिनाचे पेटंट मिळाले. ऑग्सबर्ग येथील यंत्रांच्या कारखान्याने त्यांना जागा, कारागीर आणि पैसा दिला. त्याच वर्षी पहिले इंजिन उभे राहिले. ते स्वतः फिरू शकत नव्हते. कारखान्यात छताखालून एक लांब शाफ्ट फिरत असे. त्यावरून आलेल्या पट्ट्याने या इंजिनाला फिरवावे लागे. तुमच्या गावात यंत्रमाग असतील, तर मोटारीवरून मागाकडे गेलेला पट्टा तुम्ही पाहिलाच असेल. तसाच प्रकार.

१० ऑगस्ट १८९३ रोजी त्यात प्रथम इंधन सोडले. ते पेटले खरे, पण असे पेटले की जोराचा स्फोट झाला. दाब मोजण्याचे उपकरण फुटून त्याचे तुकडे उडाले. जवळ उभी असलेली माणसे थोडक्यात वाचली. दुसरा कोणी असता, तर त्याने तेथेच हात टेकले असते. डिझेल यांनी मात्र या अपघातातून एवढेच घेतले, की दाबलेल्या हवेत इंधन आपोआप पेटते! इंजिनात अनेक फेरफार करून त्यांनी पुन्हा प्रयोग सुरू केले.

आता १७ फेब्रुवारी १८९४ चा दिवस डोळ्यांसमोर आणा. इंजिन पट्ट्याने फिरत आहे. डिझेल आपल्या कामात गुंतले आहेत. लिंडर नावाचा कारागीर इंजिनावर उभा राहून इंधनाची झडप सांभाळत आहे. त्याची नजर सहज पट्ट्याकडे जाते. पट्ट्याला नेहमी दोन बाजू असतात. ज्या बाजूने ओढ लागते ती बाजू ताठ असते, दुसरी सैल असते. विहिरीतून भरलेली बादली ओढताना दोर कसा ताठ होतो, तसेच. आजवर कारखान्याचा शाफ्ट इंजिनाला ओढत होता, म्हणून पट्ट्याची एकच बाजू ताठ असे. त्या दिवशी लिंडरला दिसले, की ताठ बाजू हिसके खात सैल पडली आणि सैल बाजू ताठ झाली. याचा अर्थ एकच होता. आता शाफ्ट इंजिनाला फिरवत नव्हता, इंजिनच शाफ्टला फिरवू लागले होते!

लिंडर काही बोलला नाही. त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि डिझेल यांच्याकडे पाहून त्यांना सलाम केला. तेव्हा कोठे डिझेल यांच्या लक्षात आले. इंजिन स्वतःच्या बळावर केवळ एक मिनिट चालले, मिनिटाला अठ्ठ्याऐंशी फेऱ्या घेत. मला विचाराल, तर पुढे डिझेल यांना मोठमोठे मान मिळाले, पण न बोलता केलेल्या त्या सलामाची सर कशालाही नाही. हिशोब डिझेल यांचे होते, पण पट्टा ओळखणारी नजर लिंडरची होती. एवढी वर्षे मेहनत करूनही हा प्रसंग डिझेल यांनी लपवला नाही. आपल्या इंजिनाच्या इतिहासात त्यांनी तो नोंदवून ठेवला.

त्यानंतर आणखी तीन वर्षे गेली. १८९७ च्या फेब्रुवारीत प्राध्यापक श्रोटर यांनी नव्या इंजिनाची रीतसर परीक्षा घेतली. माणसाच्या दुप्पट उंचीचे हे इंजिन सुमारे अठरा ते वीस अश्वशक्तीचे होते. इंधनातील उष्णतेपैकी सव्वीस टक्क्यांहून अधिक भाग ते कामाला लावत होते. वाफेच्या इंजिनाचे सहा-दहा टक्के कोठे आणि हे कोठे! ते इंजिन म्युनिकच्या संग्रहालयात जपून ठेवलेले आहे.

देशोदेशीच्या कारखानदारांनी हे इंजिन बनवण्याचे हक्क विकत घेतले. डिझेल लक्षाधीश झाले. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्यांच्या इंजिनाला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. ज्या शहरातून ते लहानपणी रिकाम्या हातांनी बाहेर पडले होते, तेच हे शहर! त्या प्रदर्शनात असे एक लहान इंजिन चक्क भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवण्यात आले.

पण सारे सुरळीत नव्हते. घाईने विकलेली काही इंजिने बिघडली आणि गिऱ्हाइकांच्या तक्रारी आल्या. पेटंटवरून वाद झाले. अतिश्रमाने डिझेल यांची प्रकृती ढासळली. म्युनिकमध्ये त्यांनी महालासारखे घर बांधले, जमिनी आणि तेलविहिरी यांत पैसा घातला आणि तो बुडाला. यंत्राचा दोष शोधताना कंटाळा न करणाऱ्या या माणसाने आपल्या घरच्या हिशोबाकडे मात्र वेळेवर पाहिले नाही. बाहेरून थाट तोच होता, आत कर्ज वाढत होते.

२९ सप्टेंबर १९१३ रोजी ते बेल्जियममधील अँटवर्प बंदरातून इंग्लंडला जाणाऱ्या बोटीत बसले. रात्री सोबत्यांबरोबर जेवण झाले. सकाळी सव्वासहाला उठवण्यास सांगून ते आपल्या खोलीत गेले. सकाळी खोली रिकामी होती. बिछान्यावर कोणी झोपल्याची खूण नव्हती. काही दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात एक मृतदेह दिसला. खलाशांनी खिशातील वस्तू काढून घेतल्या आणि मृतदेह पुन्हा समुद्रात सोडला. त्या वस्तू आपल्या वडिलांच्याच आहेत, हे त्यांच्या मुलाने, ऑयगेनने ओळखले. त्या रात्री नेमके काय घडले, हे कोणी पाहिले नव्हते. लोकांनी नाना तर्क केले, पण ते तर्कच राहिले. मागाहून कळले, की घरात फार थोडा पैसा शिल्लक होता.

डिझेल यांच्या हयातीत त्यांचे इंजिन कारखान्यांत आणि जहाजांत पोहोचले होते. रस्त्यावरच्या गाडीसाठी मात्र ते फार अवजड होते. गाडीचे लहान इंजिन बनवण्याचा त्यांनी स्वतः प्रयत्न केला, पण तो साधला नाही. त्यांच्या मृत्यूनंतर दहा-अकरा वर्षांनी, १९२३-२४ मध्ये, जर्मनीत डिझेलवर चालणारे ट्रक आले. त्यांतला एक ट्रक ऑग्सबर्गच्या त्याच कारखान्याच्या कंपनीने बनवला होता. आपल्या देशात १९४६ साली पुण्यात किर्लोस्करांनी तेलाच्या इंजिनांची कंपनी काढली, तर १९५४ पासून जमशेदपूरला टाटांच्या कारखान्यातून डिझेलचे ट्रक बाहेर पडू लागले. शेतावरच्या पंपापासून घाटातल्या ट्रकपर्यंत ते इंजिन आपल्या ओळखीचे झाले. लोक तेलालाही डिझेलच म्हणू लागले. ट्रकच्या टाकीवर रंगाने जो शब्द लिहिलेला असतो, तो एका माणसाचे आडनाव आहे, हे तो लिहिणाऱ्या पेंटरलाही बहुधा ठाऊक नसते.