डॉ. एडिथ पीची-फिप्सन : एक पुण्यस्मरण

ज्ञातीच्या स्मरणिकेत ज्ञातीतील कर्त्या स्त्रीपुरुषांची चरित्रे यावीत, हा रिवाज योग्यच आहे. तथापि ज्यांचे ऋण साऱ्याच ज्ञातींवर आहे, अशा परकीय व्यक्तींचे स्मरण करणे हेही आम्ही आमचे कर्तव्य समजतो. मुंबईच्या कामा रुग्णालयातील आद्य स्त्री-डॉक्टर एडिथ पीची या अशांपैकी होत.

त्यांचा जन्म 1845 साली इंग्लंडातील एसेक्स परगण्यात झाला. 1869 साली एडिंबरो विद्यापीठात वैद्यकाचे शिक्षण घेण्यास धजलेल्या स्त्रियांत त्या होत्या. रसायनशास्त्राच्या परीक्षेत, प्रथमच बसलेल्या विद्यार्थ्यांत त्यांचा क्रमांक पहिला आला. परंतु त्याबद्दलची शिष्यवृत्ती, त्या स्त्री असल्यामुळे, त्यांच्या खालच्या क्रमांकाच्या पुरुष विद्यार्थ्याकडे गेली. 1870 च्या नोव्हेंबरात परीक्षेस जाणाऱ्या या विद्यार्थिनींची वाट जमावाने अडवली व त्यांच्यावर चिखल फेकला. अखेर विद्यापीठाने त्यांना पदवी नाकारली. तेव्हा बाईंनी स्वित्झर्लंडातील बर्न येथे जर्मन भाषेतून परीक्षा देऊन 1877 साली एम. डी. पदवी मिळवली आणि त्याच वर्षी डब्लिन येथे व्यवसायाची सनद घेतली.

त्या काळी आमच्याकडील स्थिती काय होती? पुरुष वैद्यास नाडी दाखवण्यापेक्षा मरण पत्करलेले बरे, असे मानणाऱ्या घरांतून कितीतरी बाळंतिणी अकाली गेल्या. ही उणीव दूर व्हावी म्हणून जॉर्ज किट्रेज व सोराबजी शापूरजी बंगाली यांनी मुंबईत निधी उभारला. पेस्तनजी होरमसजी कामा यांनी रुग्णालयासाठी देणगी दिली. या कार्यास्तव लीड्स येथील चालता व्यवसाय सोडून डॉ. पीची 1883 च्या डिसेंबरात मुंबईस आल्या. रुग्णालयाची जबाबदारी सांभाळून त्यांनी परिचारिकांच्या शिक्षणाची सोय केली. स्त्री-डॉक्टरांस पुरुषांइतकेच वेतन मिळावे, असा आग्रह धरला. आणि बालविवाहाविरुद्ध निर्भीडपणे व्याख्याने दिली. 1889 साली मुंबईतील व्यापारी व निसर्गप्रेमी हर्बर्ट फिप्सन यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

त्यांच्या कार्याचे सर्वांत सुंदर फळ म्हणजे डॉ. रखमाबाई. नांदावयास जावे, नाहीतर तुरुंगवास भोगावा, असा निवाडा 1887 साली उच्च न्यायालयाने दिला असता ही तरुणी डगमगली नाही. पण तिच्या पाठीशी उभे राहणारे थोडेच होते. त्यांत डॉ. पीची अग्रभागी होत्या. त्यांच्या खटपटीने मदत मिळून रखमाबाई लंडनला गेल्या, डॉक्टर झाल्या, आणि 1895 पासून सुरत व पुढे राजकोट येथे त्यांनी स्त्रियांची अखंड सेवा केली. जिला आधार दिला ती पुढे आपल्याच व्यवसायातील भगिनी व्हावी, याहून गुरूला अधिक काय हवे?

मधुमेहामुळे 1894 साली डॉ. पीची यांना रुग्णालय सोडावे लागले. तरीही 1896 च्या प्लेगच्या संकटात त्या कार्यास पुढे आल्या आणि सरकारी व्यवस्थेतील दोष दाखवण्यास कचरल्या नाहीत. 1905 साली त्या स्वदेशी परतल्या. प्रकृती खालावलेली असूनही 1907 साली लंडन येथे स्त्रियांच्या मताधिकारासाठी निघालेल्या मिरवणुकीत, पावसाचिखलातून, त्या चालल्या. त्यानंतर स्तनाच्या कर्करोगाने त्यांना गाठले. 14 एप्रिल 1908 रोजी फोकस्टन येथे, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, त्या निवर्तल्या. त्यांच्या पतीने त्यांच्या नावे स्त्री-वैद्यक विद्यार्थिनींसाठी शिष्यवृत्ती ठेवली. जी शिष्यवृत्ती त्यांना नाकारली गेली होती, तिचे हे उत्तर केवढे उदात्त!

हजारो स्त्रियांना संकोच सोडून उपचार घेण्यास शिकवणारी ही माउली अखेरीस ज्या व्याधीने ग्रासली, ती आज वेळीच ध्यानी आल्यास बहुधा बरी होते. तरीही आमच्या घराघरांतून गाठ लपवली जाते, दुखणे अंगावर काढले जाते, आणि डॉक्टरकडे जाण्यास उशीर होतो. ज्ञातिभगिनींनी हा संकोच टाकावा, आणि ज्ञातिबंधूंनी घरातील स्त्रीच्या दुखण्याला घरकामाच्या मागे लोटू नये, एवढीच आमची विनंती आहे. ती मान्य झाली, तर डॉ. पीची यांना वाहिलेली ही आमची श्रद्धांजली सार्थ होईल.