दुधातल्या थेंबाचा माग

दूध तापवून गार झालं की वर साय धरते. आपण ती अलगद काढतो, थोडी साखर घालून मुलांच्या पोळीवर देतो, उरलेली विरजायला ठेवतो. हे स्निग्ध थेंब मुळात दुधात येतात कसे, असा प्रश्न ओट्याशी उभं राहून आपल्याला सहसा पडत नाही. पण मैत्रिणींनो, आईच्या दुधाबरोबर पिल्लाकडे आणखी काय काय जातं, या प्रश्नाचा माग एका मराठी बाईनं आयुष्यभर काढला. तिचं नाव डॉ. कमल रणदिवे.

माहेरच्या त्या कमल समर्थ. जन्म पुण्याचा, ८ नोव्हेंबर १९१७ चा. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. मुलीही शिकल्या पाहिजेत, हा त्यांचा आग्रह. शाळा अर्थातच हुजूरपागा. लेकीनं डॉक्टर व्हावं, जमलं तर डॉक्टरशीच लग्न करावं, अशी वडिलांची इच्छा होती. लेकीनं दोन्ही मोडलं! तिनं फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेतलं, आणि १९३९ साली लग्न केलं ते गणितज्ञ जे. टी. रणदिवे यांच्याशी.

आजही कितीतरी मुलींचं शिक्षण मांडवातच थांबतं. कमलताईंचं थांबलं नाही. लग्नानंतर चार वर्षांनी, १९४३ मध्ये, त्यांनी एम.एस्सी. केलं. विषय होता सीताफळ-रामफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या पेशींचा. नवऱ्यानं या अभ्यासात हातभार लावला, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. फळझाडांच्या पेशींपासून सुरू झालेली ही वाट पुढे थेट माणसाच्या कॅन्सरपर्यंत गेली.

संसार मुंबईत होता. परळचं टाटा हॉस्पिटल १९४१ साली सुरू झालेलं. आपल्या रत्नागिरीच्या माणसाला परळ वेगळं सांगायला नको. घरटी एक तरी माणूस तिथल्या गिरणीत होता. त्याच गिरण्यांच्या भोंग्यांच्या टापूत, हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत, डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखाली कमलताई काम करू लागल्या. १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळाली. मग त्या अमेरिकेत बाल्टिमोरला, जॉन्स हॉपकिन्समध्ये डॉ. जॉर्ज गे यांच्याकडे शिकायला गेल्या. माणसाच्या पेशी शरीराबाहेर, काचेच्या नळीत जगवायच्या आणि वाढवायच्या, ही तिथली खासियत. हेनरिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय आईच्या शरीरातल्या, पुढे जगप्रसिद्ध झालेल्या ‘हीला’ पेशी १९५१ मध्ये याच प्रयोगशाळेत वाढवल्या गेल्या.

परदेशी राहण्याचा मोह अनेकांना होतो. कमलताई परत आल्या आणि मुंबईत त्यांनी पेशी-ऊती वाढवण्याची प्रयोगशाळा उभी केली. देशातली ही पहिलीच. डॉ. खानोलकरांच्या नेतृत्वाखाली १९५२ मध्ये सुरू झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचं हे एक मोठं बळ ठरलं.

आता त्या थेंबाकडे वळू. आपल्या प्रत्येक पेशीला एक पातळ पापुद्रा असतो. तो मुख्यतः स्निग्ध पदार्थांच्या दोन थरांचा, त्यात मधूनमधून प्रथिनं जडवलेली. स्तनातल्या पेशीला दूध बाहेर सोडायचं असतं, पण स्वतः फुटायचं नसतं. मग ती काय करते? प्रथिनं छोट्या पिशव्यांत भरून कडेला आणते. पिशवी पापुद्र्यात मिसळते आणि आतला माल बाहेर पडतो. स्निग्धांशाचा थेंब मात्र पापुद्र्याला आतून ढकलत ढकलत त्याचाच तुकडा अंगावर पांघरून निसटतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हे दृश्य जर्मन संशोधकांनी १९५९ मध्ये टिपलं. आईच्या दुधातला प्रत्येक स्निग्ध थेंब असा तिच्याच पेशीच्या कातडीत गुंडाळून बाळापर्यंत पोचतो!

पण याच वाटेनं चोरही जाऊ शकतो. जॉन बिटनर यांनी १९३६ मध्ये दाखवलं, की काही जातींच्या उंदरिणींच्या दुधातून पिल्लांकडे कॅन्सरचं कारण जातं. पिल्लं जन्मतःच दुसऱ्या, निरोगी जातीच्या उंदरिणीच्या अंगावर पाजली, तर त्यांच्यात स्तनाचा कॅन्सर खूप कमी दिसे. पुढे कळलं, की तो विषाणू होता. पेशीतून निघताना तोही त्याच स्निग्ध पापुद्र्याची शाल पांघरतो.

कमलताईंचं काम नेमकं इथलं. उंदरांच्या वेगवेगळ्या जाती सांभाळून त्या तपासत होत्या, की आनुवंशिकता, शरीरातली संप्रेरकं आणि विषाणू या तिघांचं नातं काय. विषाणू असला म्हणजे कॅन्सर होतोच असं नाही. शरीराचा कल आणि संप्रेरकांची साथही लागते. कॅन्सर म्हणजे देवाचा कोप किंवा मागच्या जन्मीचं पाप समजणाऱ्या समाजात एक बाई त्याची कारणं उंदरांच्या पिंजऱ्यात, एकेक करून शोधत होती.

मग बाईच्या दुधाचं काय? हा प्रश्नही विचारला गेला. १९७१ मध्ये मुंबईच्या पारशी आणि काही अमेरिकन स्त्रियांच्या दुधाची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यात कमलताईंच्या संस्थेतल्या डॉ. सत्यवती सिरसाट यांचाही सहभाग होता. दुधात विषाणूसारखे कण दिसले खरे, पण माणसात दुधातून कॅन्सर जातो हे काही सिद्ध झालं नाही. म्हणून कुणी बाळंतिणीला घाबरवलं तर ऐकू नका. उलट २००२ मध्ये ३० देशांतल्या ४७ अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष आला, की अंगावर पाजलेल्या दर बारा महिन्यांमागे आईचा स्तनकर्करोगाचा धोका ४.३ टक्क्यांनी घटतो.

कुष्ठरोगाच्या जंतूंवरही कमलताईंनी काम केलं. रुग्णाच्या शरीरातून मिळालेला एक जंतू त्यांच्या गटानं प्रयोगशाळेत वाढवला, त्यावर १९५८ मध्ये निबंध आला, आणि पुढे कुष्ठरोगाच्या लसीच्या प्रयत्नांना तोच आधार झाला. १९६६ ते १९७० या काळात त्यांनी संस्थेच्या संचालकपदाची धुरा वाहिली. १९८२ मध्ये पद्मभूषण मिळालं.

मला जास्त भावतं ते मात्र वेगळंच. प्रयोगशाळेत येणाऱ्या मुलींचं पुढे काय होतं, हे त्या बघत होत्या. लग्न, बाळंतपण, सासरची माणसं, आणि मग एक दिवस राजीनामा. १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन करणाऱ्यांत त्या होत्या. वाशीला या संघटनेनं वसतिगृह आणि पाळणाघर चालवलं. बाईच्या संशोधनाला सूक्ष्मदर्शकाइतकीच पाळणाघराची गरज असते, हे कळायला बाईच हवी! निवृत्तीनंतरही त्या घरी बसल्या नाहीत. अकोले तालुक्यातल्या राजूर भागात आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी केली, खेड्यातल्या बायकांना आरोग्याचे धडे दिले. ११ एप्रिल २००१ रोजी त्या गेल्या.

आपल्याकडच्या कितीजणी रातराणीनं किंवा कोकण रेल्वेनं परळला गेल्या, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिल्या. त्यातल्या बऱ्याचजणी उशिरा गेल्या. गाठ लागली होती, पण सांगायचं कुणाला? सासूला लाज वाटते, नवऱ्याला घाई असते, आणि गाठ दुखत नाही म्हणून तीच विसरली जाते. स्तनातली गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही, हेच तर तिचं फसवं रूप.

तेव्हा आंघोळीच्या वेळी स्वतःच्या अंगाकडे जरा लक्ष द्या. गाठ, बोंडातून रक्तासारखा स्राव, कातडीला पडलेली खळी, यांतलं काही दिसलं तर पुढच्या सणाची, लग्नसराईची वाट न बघता डॉक्टर गाठा. आता जिल्ह्यात, डेरवणसारख्या ठिकाणीही तपासणीची सोय झाली आहे. कमलताईंनी उंदरांच्या पिंजऱ्याजवळ बसून वर्षानुवर्षं जे धीरानं पाहिलं, त्यासाठी आपल्याला महिन्यातली पाच मिनिटं पुरतात. तेवढी स्वतःला द्या, आणि शेजारणीलाही सांगा.