सह्याद्रीला रूळ घालणारा अभियंता

१६ एप्रिल १८५३. दुपारी साडेतीनच्या सुमारास एकवीस तोफांची सलामी झाली आणि चौदा डब्यांची आगगाडी सुमारे चारशे पाहुण्यांना घेऊन बोरीबंदरहून ठाण्याकडे निघाली. या चौतीस किलोमीटरच्या प्रवासाने हिंदुस्थानात प्रवासी रेल्वेचे युग सुरू झाले. या प्रसंगी नाना शंकरशेट यांचे स्मरण होते, तसे ते जेम्स बर्कले यांचेही व्हायला हवे. हा मार्ग आखून उभारणारे मुख्य अभियंता तेच होते.

बर्कले यांचा जन्म २१ ऑक्टोबर १८१९ रोजी लंडनजवळच्या हॉलोवे येथे झाला. विख्यात अभियंता रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या हाताखाली ते तयार झाले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने त्यांची नियुक्ती केली आणि फेब्रुवारी १८५० मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, ते मुंबईत दाखल झाले. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला शीव येथे पहिली कुदळ पडली. अडीच वर्षांत गाडी ठाण्याला पोहोचली. पुढे खाडीवर पूल बांधून आणि मुंब्र्याजवळचा डोंगर फोडून १ मे १८५४ रोजी ती कल्याणपर्यंत नेण्यात आली. बाळकुम-कोलशेतपासून कळव्यापर्यंतच्या ज्या खाडीकाठाला होडीचीच सवय होती, त्याच्या शेजारून आता वाफेचे इंजिन धावू लागले.

खरी कसोटी पुढेच होती. कल्याणला मार्गाचे दोन फाटे होणार होते. एक थळ घाटातून नाशिककडे जाणारा, तर दुसरा बोर घाटातून पुण्याकडे. कातळाचे उभे कडे, खोल दऱ्या आणि वर्षातले चार महिने कोसळणारा पाऊस यांतून वाट काढायची होती. बर्कले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोंगराची वारंवार मोजणी केली. काही ठिकाणी माणसांना दोरांनी कड्यावरून खाली सोडावे लागे. अखेर ठरलेल्या मार्गावर सुमारे पंचवीस किलोमीटरमध्ये १८३१ फूट चढ होता. त्यासाठी पंचवीस बोगदे खोदावे लागणार होते. एवढ्या अरुंद जागेत वळण बसत नसल्याने खंडाळ्याच्या अलीकडे गाडी थांबवून, इंजिन दुसऱ्या टोकाला लावून, दिशा उलटवण्याची युक्ती योजण्यात आली. ही व्यवस्था १९२९ पर्यंत टिकली.

बोर घाटाचे काम जानेवारी १८५६ मध्ये सुरू झाले. एका टप्प्यावर बेचाळीस हजारांहून अधिक मजूर तेथे राबत होते. दरडी, सुरुंग आणि पटकीच्या साथींनी त्यांतील असंख्य बळी घेतले. त्यांची नावे कुठल्याही फलकावर नाहीत. मजुरीवरून असंतोष पेटला, १८५९ च्या आरंभी दंगल झाली आणि कंत्राटदार फॅव्हिएल यांनी काम सोडले. नवे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हिंदुस्थानात आल्यावर थोड्याच दिवसांत मरण पावले. तेव्हा त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी जबाबदारी स्वीकारली आणि व्यवस्थापक नेमून काम तडीस नेले.

अ‍ॅलिस यांनी घाटातील बांधकामाची छायाचित्रेही टिपली. अमेरिकेत अँड्र्यू रसेल यांचा युनियन पॅसिफिक रेल्वेवरील छायाचित्रसंग्रह १८६९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या कितीतरी आधी सह्याद्रीतील रेल्वे कॅमेऱ्यात बंदिस्त झाली होती. बर्कले यांच्या कागदावरील रेघांचे दगडात रूपांतर कसे झाले, हे अशाच चित्रांतून आजच्या माणसाला उमगते.

बर्कले यांच्या वाट्याला मात्र ते पूर्णत्व आले नाही. अकरा वर्षांच्या श्रमांनी प्रकृती ढासळल्याने एप्रिल १८६१ मध्ये त्यांनी मायदेशाची वाट धरली. २५ ऑगस्ट १८६२ रोजी, वयाची त्रेचाळीस वर्षे पूर्ण होण्याआधीच, त्यांचे निधन झाले. त्यानंतर आठ महिन्यांनी, २१ एप्रिल १८६३ रोजी, गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते बोर घाटाचा मार्ग खुला झाला. थळ घाटातून गाडी धावायला १८६५ साल उजाडले.

या दोन्ही घाटांतून गाडीने वर जाण्याचे भाग्य, ते मार्ग आखणाऱ्या या अभियंत्याला कधीच लाभले नाही. आज कल्याणहून कसारा किंवा कर्जतची गाडी पकडणारा प्रत्येक प्रवासी मात्र त्यांनी दाखवलेल्या दिशेनेच निघतो.