हेन्री टिझर्ड : सरकारचे विज्ञान-सल्लागार

हेन्री टिझर्ड यांचा जन्म १८८५ साली इंग्लंडमधील केंट परगण्यात झाला. वडील आरमारात अधिकारी होते. पण दृष्टी अधू असल्याने हेन्री यांना आरमारात जाता आले नाही आणि ते रसायनशास्त्राकडे वळले. ऑक्सफर्डनंतर १९०८ मध्ये ते बर्लिनला शिकायला गेले. तेथे त्यांची फ्रेडरिक लिंडमन यांच्याशी मैत्री झाली. पहिल्या महायुद्धात ते विमान चालवायला शिकले आणि विमानांच्या चाचण्या त्यांनी स्वतः घेतल्या. १९२९ मध्ये ते लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचे प्रमुख झाले.

शत्रूच्या बॉम्बफेकी विमानांना अडवण्याचा खात्रीचा उपाय तेव्हा ब्रिटनकडे नव्हता. तो सुचवण्यासाठी हवाई खात्याने नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद टिझर्ड यांना मिळाले. जानेवारी १९३५ मध्ये समितीची पहिली बैठक झाली. भौतिकशास्त्रज्ञ ब्लॅकेट आणि शरीरक्रियाशास्त्रज्ञ हिल हे तिचे सदस्य होते. रेडिओलहरींनी विमान हुडकण्याची वॉटसन-वॅट यांची कल्पना समितीने उचलून धरली. २६ फेब्रुवारीला डॅव्हेंट्री येथे तिची चाचणी यशस्वी झाली. हेच पुढचे रडार. मात्र यंत्र बनवून भागणार नव्हते. मिळालेली माहिती वैमानिकापर्यंत वेळेत कशी पोहोचवायची, याचे प्रयोग टिझर्ड यांनी बिगिन हिल तळावर हवाई दलाच्या अधिकाऱ्यांसोबत करवून घेतले. १९४० च्या हवाई युद्धात ही तयारी कामी आली.

दरम्यान लिंडमन समितीत आले आणि रडारपेक्षा इतर उपायांचा आग्रह धरू लागले. १९३६ मध्ये ब्लॅकेट व हिल यांनी राजीनामे दिले. मंत्र्यांनी समिती बरखास्त करून लिंडमन यांना वगळून ती पुन्हा नेमली. मे १९४० मध्ये चर्चिल पंतप्रधान झाले आणि पारडे फिरले, कारण लिंडमन त्यांचे विश्वासू सल्लागार होते. जर्मन विमाने रेडिओ-झोतांच्या आधारे लक्ष्य शोधतात, यावर टिझर्ड यांचा विश्वास बसेना; तेथे ते चुकले. जूनमध्ये ते सल्लागारपदावरून दूर झाले. तरी त्याच वर्षी ब्रिटनची लष्करी वैज्ञानिक गुपिते अमेरिकेला देणाऱ्या पथकाचे नेतृत्व त्यांनी केले. त्यात मॅग्नेट्रॉन होता; आज तो मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये असतो.

१९४२ मध्ये जर्मन शहरांतील कामगारवस्त्यांवर बॉम्बफेक करून लोकांना बेघर करावे, असा हिशेब लिंडमन यांनी मांडला. हा आकडा सुमारे पाचपट फुगवलेला असल्याचे टिझर्ड यांनी दाखवले. ब्लॅकेट यांचाही निष्कर्ष तसाच होता. पण त्यांचे म्हणणे मागे पडले आणि बॉम्बफेक सुरूच राहिली. युद्धानंतरच्या पाहणीत लिंडमन यांचा अंदाज फारच जास्त ठरला.

१९४७ मध्ये ब्रिटिश सरकारने विज्ञान धोरणासाठी सल्लागार परिषद स्थापून टिझर्ड यांना तिचे अध्यक्ष केले. ९ ऑक्टोबर १९५९ रोजी त्यांचे निधन झाले. चूक लिंडमन यांची झाली तशी टिझर्ड यांचीही झाली; म्हणूनच सरकारने एकाच जवळच्या तज्ज्ञावर विसंबू नये, त्याचे आकडे दुसऱ्यांकडून तपासून घ्यावेत, हे त्यांच्या आयुष्यातून दिसते.