रुडॉल्फ डीझेल

विहिरीच्या कांठीं बसविलेलें, एका ठेक्यांत ठुक् ठुक् आवाज करीत पाटांत पाण्याचा लोट सोडणारें तेलाचें इंजीन महाराष्ट्रांतील कित्येक खेड्यांनीं पिढ्यानुपिढ्या ऐकिलें आहे. आतां बहुतेक ठिकाणीं विजेचे पंप आले, तरी डीझेल हें नांव सर्वांच्या तोंडीं आहे. तें एका मनुष्याचें नांव होय. आणि हें लहान, स्वस्त इंजीन गोरगरिबांच्या हातीं पडण्यापूर्वींच तो मनुष्य जगांतून निघून गेला, हें मात्र थोड्यांस ठाऊक असेल.

रुडॉल्फ डीझेल याचा जन्म 18 मार्च 1858 रोजीं पॅरिस शहरीं, एका जर्मन कुटुंबांत झाला. वडिलांचा चामड्याच्या वस्तु करण्याचा लहानसा धंदा होता व मुलगाही त्यांत हातभार लावीत असे. 1870 सालीं फ्रान्स व जर्मनी यांचें युद्ध जुंपलें, तेव्हां या कुटुंबास घरदार सोडून लंडनला जावें लागलें. बारा वर्षांच्या रुडॉल्फला आईबापांनीं जर्मनींत आउग्सबुर्ग येथें आप्तांकडे शिकावयास पाठविलें. तेथें त्याची बुद्धि चमकली आणि शिष्यवृत्ति मिळवून तो म्युनिच येथील शिल्पविद्यालयांत दाखल झाला.

तेथें प्राध्यापक लिंडे यांच्या व्याख्यानांत, वाफेचें यंत्र कोळशाच्या उष्णतेपैकीं जेमतेम दहावा हिस्सा कामीं लावतें व बाकीची वायां घालवितें, असें त्याच्या कानीं आलें. ही उधळपट्टी थांबवावयाची, असा निश्चय त्यानें विद्यार्थिदशेंतच केला. त्यांत आणखी एक हेतु होता. वाफेचें मोठें यंत्र व बॉयलर श्रीमंत कारखानदारालाच परवडे. लहान कारागीर त्यापुढें टिकत नसे. अशा कारागिराला आपल्या घरीं चालवितां येईल असें यंत्र मिळावें, ही डीझेलची मनीषा होती.

त्याची कल्पना ऐकावयास सोपी आहे. सायकलींत हवा भरतांना पंप तापतो, हा अनुभव सर्वांस आहे. हवा दाबली कीं ती तापते. नळकांड्यांत दट्ट्यानें हवा अतिशय दाबली तर ती इतकी तापते कीं, आंत सोडलेलें तेल ठिणगीवांचून आपोआप पेट घेतें. 1893 च्या फेब्रुवारींत त्यास या शोधाचें पेटंट मिळालें. परंतु कागदावरची कल्पना लोखंडांत उतरविणें कठीण होतें. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें आउग्सबुर्गच्या कारखान्यांत पहिल्याच प्रयोगाच्या वेळीं स्फोट झाला. पुढें 17 फेब्रुवारी 1894 रोजीं इंजीन स्वतःच्या बळावर सुमारें एक मिनिट चाललें. त्यानंतर बरोबर तीन वर्षांनीं परीक्षकांसमोर त्यानें शेंकडा 26 हून अधिक उष्णता कामांत आणून दाखविली. जग थक्क झालें.

परंतु ज्याच्यासाठीं हा खटाटोप, त्या कारागिराच्या वांट्यास तें इंजीन आलें नाहीं. तेल आंत फवारण्यास दाबलेली हवा लागे व तीकरितां निराळें यंत्र जोडावें लागे. त्यामुळें इंजीन अवजड व महाग झालें. मोठे कारखाने व जहाजें यांनींच तें उचललें. लहान इंजीन बनविण्याची खटपट डीझेलनें पुढें स्वतःही केली, पण तिला व्यापारांत यश आलें नाहीं. पेटंटांचे तंटे, बिघडलेली प्रकृति व बुडालेले पैसे यांनीं तो जर्जर झाला. 29 सप्टेंबर 1913 च्या रात्रीं अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या ड्रेस्डेन नांवाच्या आगबोटीवरून तो नाहींसा झाला. कांहीं दिवसांनीं त्याचें प्रेत समुद्रांत आढळलें. हा अपघात होता कीं आत्मघात, हें कोडें आजवर सुटलेलें नाहीं.

त्याच्या पश्चात् इतरांनीं काम पुढें चालविलें. 1927 पासून बॉश यांच्या कारखान्यांत तेल फवारणारे लहान पंप मोठ्या संख्येनें तयार होऊं लागले आणि हवेच्या त्या अवजड यंत्राची गरज सरली. 1930 च्या सुमारास इंग्लंडांतील डर्स्ली गांवच्या लिस्टर कारखान्यानें पांच अश्वशक्तीचें, मिनिटास अवघे सहाशें फेरे घेणारें इंजीन काढलें. एक नळकांडें, दोन जड चाकें आणि फिरवावयास हातदांडा! त्यास ना बॉयलर, ना ठिणगीची तार. चाकें भारी असल्यानें गति संथ व एकसारखी राही. भाग थोडे असल्यानें खेड्यांतील मिस्त्रीही तें खोलून दुरुस्त करूं शके. 1946 सालीं पुण्यास किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही कंपनी स्थापन झाली व अशा इंजिनांनीं आपल्याकडील मळे भिजूं लागले.

वाचकहो, डीझेलनें जें लहान माणसासाठीं योजिलें होतें, तें लहान माणसापर्यंत पोहोंचलें खरें; पण तें पाहावयास तो उरला नाहीं. एखाद्या जुन्या विहिरीवर गंजत पडलेलें तसलें इंजीन दिसलें, तर क्षणभर थांबून त्याचीं तीं जड चाकें पाहावीं आणि चामड्याच्या कारागिराच्या त्या मुलाची आठवण करावी.