हातांची विद्या : बुकर टी. वॉशिंग्टन यांचे चरित्र

शालान्त परीक्षेचे निकाल लागले की मुलाने अगर मुलीने पुढे काय शिकावे, हा प्रश्न दरसाल आपल्या घरोघरी उभा राहतो. लेखणीची विद्या थोर आणि हत्याराची विद्या हलकी, ही समजूत आपल्या मनात खोल रुजलेली असल्यामुळे त्याचे उत्तर बहुधा फारसा विचार न करताच दिले जाते. ही समजूत ज्यांनी आयुष्यभराच्या उद्योगाने खोटी ठरविली, त्या बुकर टी. वॉशिंग्टन या अमेरिकेतील कृष्णवर्णीय शिक्षकाचे चरित्र म्हणूनच आपल्या कुटुंबांतून वाचले जावयास हवे.

अमेरिकेतील ज्या गुलामगिरीच्या उच्छेदाबद्दल महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ तेथील जनतेस अर्पण केला, त्याच गुलामगिरीत वॉशिंग्टन यांचा जन्म झाला. व्हर्जिनिया राज्यातील एका मळ्यावर त्यांची माता स्वयंपाकीण होती. जन्माचे वर्ष १८५६ मानले जाते. पित्याचे छत्र त्यांना कधीच लाभले नाही. १८६५ साली दास्यातून सुटका झाल्यावर हे कुटुंब वेस्ट व्हर्जिनियातील माल्डन गावी गेले. तेथे सावत्र वडील मिठाच्या भट्टीवर मजुरी करीत. त्यांच्या वाट्याच्या पिंपांवर १८ हा आकडा घातलेला असे आणि बालवयीन बुकर यांनी ओळखलेला पहिला आकडा तोच होय. त्यांच्या विद्येचा श्रीगणेशा असा कामाच्या जागीच झाला. पुढे भट्टीवर व कोळशाच्या खाणीत राबत असतानाच ते लिहावयास व वाचावयास शिकले.

कृष्णवर्णीयांसाठी हॅम्प्टन येथे एक विद्यालय असून तेथे गरीब विद्यार्थ्यास काम करून शिकता येते, असे कानी येताच १८७२ साली ते घराबाहेर पडले. अंतर सुमारे ५०० मैलांचे होते आणि गाठीचा पैसा वाटेतच सरला. रिचमंड शहरात त्यांनी रस्त्याकडेच्या फळ्यांखाली रात्री काढल्या व दिवसा जहाजातील माल उतरवून पोट भरले. हॅम्प्टनला पोहोचल्यावर तेथील मुख्य अध्यापिकेने त्यांची काही परीक्षा न घेता एक खोली झाडावयास सांगितली. त्यांनी ती तीनदा झाडली व चारदा पुसली. अध्यापिकेने हातरुमाल फिरवून पाहिला, त्यास धुळीचा कण लागला नाही आणि प्रवेश मिळाला. विद्यालयाची झाडलोट करीत त्यांनी १८७५ साली तेथील शिक्षण पुरे केले.

१८८१ साली अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे कृष्णवर्णीय शिक्षक तयार करणारे विद्यालय काढण्याचे ठरले व हॅम्प्टनचे प्रमुख जनरल आर्मस्ट्राँग यांच्या शिफारशीवरून ते काम वॉशिंग्टन यांच्याकडे आले. सरकारने वर्षास २,००० डॉलर मंजूर केले होते, परंतु ते केवळ शिक्षकांच्या वेतनासाठी. जागा नाही, इमारत नाही, साधने नाहीत. ४ जुलै रोजी ३० विद्यार्थ्यांनिशी एका मोडक्या झोपडीवजा घरात वर्ग भरला. पाऊस आला की छत गळे आणि विद्यार्थ्यास शिक्षकाच्या डोक्यावर छत्री धरून उभे राहावे लागे. लवकरच ५०० डॉलरांत १०० एकरांचा एक पडीक मळा त्यांनी घेतला. त्यासाठी प्रथम भरावयाचे २५० डॉलरही कर्जाऊ आणले होते. रान तोडण्याचे काम विद्यार्थ्यांना कमीपणाचे वाटू लागले, तेव्हा वॉशिंग्टन स्वतः कुऱ्हाड घेऊन पुढे झाले. मग कोणाचीही तक्रार उरली नाही.

इमारतीस विटा हव्या होत्या आणि गावात वीटभट्टी नव्हती. शिक्षक व विद्यार्थी गुडघाभर चिखलात उतरले. पहिली भट्टी बिघडली, दुसरी बिघडली, तिसरी पुरी होण्यास काही तास उरले असताना ढासळली. पैसा संपला होता. वॉशिंग्टन यांनी आपले घड्याळ १५ डॉलरांस गहाण टाकले आणि चौथी भट्टी लावली. ती साधली. घड्याळ मात्र परत आले नाही. चांगल्या विटा मिळतात असे पाहून आसपासचे श्वेतवर्णीय लोकही विकत घ्यावयास येऊ लागले. पहिल्या १९ वर्षांत उभ्या राहिलेल्या ४० इमारतींपैकी ४ वगळता सर्व बहुतांशी विद्यार्थ्यांच्याच श्रमांतून निर्माण झाल्या.

येथील शिक्षणाची पद्धत समजून घेण्याजोगी आहे. सुतारकाम, लोहारकाम, गाडे बांधणे, छपाई, शिवणकाम, दुग्धव्यवसाय इत्यादी धंदे शिकविले जात आणि गणित, आलेखन, रसायन यांचे पाठ त्या कामाशी जोडून घेतले जात. ज्यांच्यापाशी पैसा नसे त्यांच्यासाठी १८८४ साली रात्रशाळा निघाली. दिवसा १० तास कामशाळेत श्रम व रात्री २ तास अभ्यास, असा तिचा क्रम होता. मजुरी शिलकीस पडे व तिच्यावर पुढे दिवसाच्या वर्गाचा खर्च चाले. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या ‘कमवा आणि शिका’ योजनेचे येथे आपणांस सहजच स्मरण होते. १८९६ साली कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर येथे आले. १९०६ पासून अवजारांनी भरलेली गाडी शेतकऱ्यांच्या दारी जाऊ लागली आणि शाळेत येऊ न शकणाऱ्यांनाही प्रत्यक्ष करून पाहण्याचे शिक्षण मिळू लागले.

वॉशिंग्टन यांच्या मार्गावर कठोर टीकाही झाली. १८९५ साली अटलांटा येथील भाषणात त्यांनी आपल्या बांधवांना राजकीय हक्कांचा आग्रह तूर्त मागे ठेवून उद्योगात पाय रोवावयास सुचविले. त्यावर विद्वान डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांनी १९०३ साली आक्षेप घेतला की, अशाने हक्क हातचे जातील व उच्च विद्येची वाट बुजेल. या आक्षेपात तथ्य होते. दक्षिणेत कृष्णवर्णीयांचा मताधिकार त्याच काळात हिरावून घेतला गेला. वॉशिंग्टन यांनी त्याविरुद्धच्या न्यायालयीन लढ्यांना गुप्तपणे द्रव्यसाहाय्य केले, ते लोकांस फार पुढे कळले. त्यांच्या स्वतःच्या घरचे उदाहरण मात्र पुष्कळ सांगून जाते. त्यांची कन्या शिवणकाम शिकली आणि पुढे पियानोच्या अभ्यासासाठी बर्लिनला गेली. पुत्राने बालवयातच गवंडीकाम जवळजवळ आत्मसात केले. टस्कीगीच्या इमारतींचे आराखडे करणारे रॉबर्ट टेलर हे तर मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रशास्त्र संस्थेत १८९२ साली वास्तुशास्त्राची पदवी घेऊन आले होते. हाताने रचलेल्या विटेस उच्च विद्येच्या आराखड्याची जोड मिळाली, म्हणूनच त्या वास्तू उभ्या राहिल्या.

१४ नोव्हेंबर १९१५ रोजी टस्कीगी येथेच त्यांचे देहावसान झाले. त्या वेळी संस्थेत सुमारे १,५०० विद्यार्थी व १०० हून अधिक इमारती होत्या. १९८५ साली तिला विद्यापीठाचे नाव मिळाले. विटा भाजण्यापासून आरंभ झालेल्या त्या जागी आज अभियांत्रिकीचे शिक्षण दिले जाते.

आपल्या मुलांचा मार्ग ठरविताना या चरित्रातील दोन्ही बाजू ध्यानी ठेवणे हिताचे होईल. मुलगा रंधा मारावयास किंवा यंत्र खोलून जोडावयास आवडीने बसला, तर त्यात कुळास कमीपणा नाही. मुलीने कार्यशाळेची वाट धरली, तर तिलाही अडवू नये. परंतु हातास काम मिळाले, आता पुढची विद्या कशाला, असेही कोणी म्हणू नये. टस्कीगीच्या विद्यार्थ्यांच्या तीन भट्ट्या फसल्या आणि चौथी साधली. आपल्या मुलांनाही फसण्याची आणि पुन्हा करून पाहण्याची तेवढी सवड आपण दिली पाहिजे.