विजार बदलली, मन बदलले काय?

भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाई येथे मिरचीचे सौदे चालू असता बाजारात क्षणभर उभे राहावे. वृद्ध शेतकरी धोतरात, तर त्याचा पुत्र व नातू पाटलोणीत दिसतात. धोतर सुटले म्हणून कोणाचाही धर्म बुडाला नाही. ही पाटलोण आली कोठून, असे पुसल्यास लोक साहेबाकडे बोट दाखवितील. ते खरेच, परंतु साहेबास ती शिपायाने शिकविली, आणि त्या कथेतील एक प्रमुख पुरुष याच जिल्ह्याच्या मातीत लढून गेला, हे थोड्यांस ठाऊक असेल. म्हणून त्याचे चरित्र आम्ही येथे संक्षेपाने देतो.

आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, हा १७६९ साली आयर्लंडात जन्मला व १७९७ साली आपल्या पलटणीसह हिंदुस्थानात आला. १८०३ च्या ऑगस्टात त्याने अहमदनगरचा किल्ला घेतला. त्याच वर्षी २३ सप्टेंबर रोजी केळणा व जुई या नद्यांच्या बेचक्यात असई येथे शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजेशी त्याची गाठ पडली. नदीस उतार नाही, असे वाटाडे सांगत होते. परंतु दोन्ही तीरांवर समोरासमोर गावे आहेत, त्या अर्थी मध्ये वाट असलीच पाहिजे, असा तर्क करून त्याने सैन्य पार नेले. शिंद्यांच्या कवायती पलटणींनी त्याचे दीड हजारांहून अधिक लोक ठार व जखमी केले. तथापि शेवटी जय त्याचाच झाला आणि ९८ तोफा त्याच्या हाती लागल्या.

१८०५ साली तो स्वदेशी परतला व १८०८ पासून पोर्तुगाल-स्पेनच्या युद्धात गुंतला. तोवर इंग्रज शिपाई गुडघ्यापर्यंतचा तंग चोळणा व त्याखाली अनेक गुंड्यांचे पायवेष्टन घालीत असे. चिखलात व डोंगरात मैलोगणती चालणाऱ्यास हा थाट परवडेना. म्हणून घोट्यापर्यंतची सैल विजार रूढ झाली. शिपायाच्या बंदुकीची चौकशी करणारा हा सेनापती त्याच्या पोषाखाविषयी फारसा काटेकोर नव्हता. विजारीखाली बसेल असा सुटसुटीत बूट त्याने लंडनच्या होबी नामक चर्मकाराकडून करविला, व त्या बुटास त्याचेच नाव पडले. १८१५ साली वॉटर्लू येथे नेपोलियनचा पराभव झाल्यावर विजयी शिपायाचा वेष नागरिकांस प्रिय झाला. लंडनच्या एका मानाच्या नृत्यगृहात चोळण्याऐवजी विजार घालून आल्यामुळे खुद्द वेलिंग्टनास दारातून परत पाठविले, अशी आख्यायिका आहे. १८२३ साली इंग्रज पायदळातून चोळणा कायमचा गेला. आमच्याकडेही चोळणा मराठा स्वाराने घोड्याच्या पाठीसाठीच पत्करला होता. पोषाखाचा जन्म गरजेतून होतो, शास्त्रातून नव्हे.

येथवरचा वेलिंग्टन सुधारक वाटेल. परंतु १८२८ साली मुख्य प्रधान झालेल्या या पुरुषाने १८२९ साली कॅथॉलिकांस राजकीय हक्क दिले असले, तरी १८३० साली मताधिकाराच्या सुधारणेस साफ नकार दिला. त्याचे मंत्रिमंडळ कोसळले. १८३१ साली चिडलेल्या जमावाने त्याच्या वाड्याची तावदाने फोडली, आणि त्याने खिडक्यांस लोखंडी झडपा बसविल्या. १८५२ साली तो वारला. जुना चोळणा टाकण्यास न कचरलेला मनुष्य जुनी सत्ता मात्र सोडण्यास तयार नव्हता.

आमच्या व्यापारी व नागर बंधूंनी या चरित्रातून हाच बोध घ्यावा, अशी आमची विनंती आहे. आपण परक्या शिपायाची विजार घालून दुकानी बसतो व त्यास सोय म्हणतो. परंतु आपलीच कन्या सायकलीवरून शाळेस जाण्यासाठी विजार मागू लागली, की आपणांस कुळाचार आठवतो. जी सोय बापास धर्मबाह्य नाही, ती लेकीस कशी ठरावी? पाय झाकणारे वस्त्र शिंपी एका दिवसात बदलून देतो. मनावरच्या लोखंडी झडपा मात्र ज्याच्या त्यानेच काढावयाच्या असतात.